कांटच्या वारसांनी कांटचीच सीमा का ओलांडली? (फिख्टे, शेलिंग, हेगेल)

ओवी_आणि_तर्क (धागाकर्ती)

गेलं वर्षभर आमचा एक छोटा गट जर्मन तत्त्वज्ञ कांट वाचतो आहे. कांट झाला की पुढे कोण, असा विषय निघाला आणि तिथे गाडी अडली, म्हणून इथे विचारते आहे.

कांटचं म्हणणं थोडक्यात असं : जग आपल्याला कळतं ते आपल्याच घडणीतून. अवकाश, काल, कार्यकारणभाव या चौकटी आपण पुरवतो. त्या बाजूला सारून वस्तू मुळात कशी आहे हे जाणायला मार्ग नाही. ईश्वर, आत्मा, विश्वाची समग्रता यांबद्दल छातीठोक विधानं करू गेलं की बुद्धी स्वतःशीच भांडायला लागते. हे १७८१ साली छापून आलं. आणि १८०७ साली हेगेलचा ग्रंथ येतो, त्याच्या शेवटच्या प्रकरणाचं नावच ‘निरपेक्ष ज्ञान’! मधे अवघी २६ वर्षं. कांट १८०४ साली गेला, म्हणजे यातला बराचसा प्रकार त्याच्या डोळ्यांदेखत झाला.

ही माणसं, म्हणजे कांटनंतरचे जर्मन तत्त्वज्ञ फिख्टे, शेलिंग, हेगेल, सामान्य नव्हती. सगळ्यांनी कांट घोटून प्यायलेला होता. तरी ज्या दाराला कांटने इतक्या कष्टाने कुलूप घातलं ते त्यांनी का उघडलं? माझं आजचं मत स्पष्ट आहे : ही माघार आहे. पण मला विरुद्ध बाजू नीट ऐकायची आहे. आणि दुसरा प्रश्न, या सगळ्यातलं पुढे काय टिकलं?

पाणवठा

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

नेकारकाठी

ताई, प्रश्न छान मांडलात. पण कुलूप कांटनेच अर्धवट लावलं होतं, असं मला वाटतं.

१७८७ साली याकोबी या समकालीन जर्मन तत्त्वज्ञाने एक साधी शंका काढली. कांट म्हणतो, आपल्याला संवेदना होतात कारण बाहेरची वस्तू आपल्यावर काही परिणाम करते. ठीक. पण कार्यकारणभाव तर फक्त अनुभवातल्या गोष्टींना लागू, असंही तोच म्हणतो. मग अनुभवापलीकडची वस्तू ‘परिणाम’ कसा काय करते? याकोबीचा निष्कर्ष असा की त्या वस्तूच्या गृहीताशिवाय कांटच्या दर्शनात शिरता येत नाही आणि ते गृहीत धरून आत राहता येत नाही. ही फट खरी आहे. तिथून पुढचं सगळं सुरू होतं.

आणि सॉलोमन माइमॉनला विसरू नका. लिथुएनियाकडचा गरीब ज्यू, तालमूदवर वाढलेला, जर्मन मोठेपणी खटपट करून शिकलेला, एकदा बर्लिनच्या वेशीवरून परत पाठवला गेलेला. त्याचं हस्तलिखित १७८९ साली कांटचा जुना विद्यार्थी मार्कुस हेर्त्सने कांटकडे धाडलं. कांट ते न वाचताच परत करायच्या बेतात होता. चाळलं, आणि हेर्त्सला लिहिलं की माझ्या टीकाकारांपैकी मला इतकं नेमकं कोणीच ओळखलेलं नाही. माइमॉनचा मुद्दा : बुद्धी आणि संवेदना या दोन इतक्या भिन्न शक्ती असतील तर बुद्धीचे नियम संवेदनांना लागू होतातच कसे? ही दरी बुजवायची तर दोन्ही एकाच मुळातून निघायला हव्यात. फिख्टे, शेलिंग, हेगेल तिघेही ते मूळ शोधत होते. माघार कसली? कांटचाच हिशेब पुरा करणं चाललं होतं.

अंकुश_ना

नेकारकाठी, हिशेब पुरा करायच्या नावाखाली यांनी खातंच बदललं! कांटचं उत्तर त्याच्याच ग्रंथात आहे. ‘विचार करणं’ वेगळं आणि ‘जाणणं’ वेगळं. अनुभवापलीकडे काही असेल असा विचार मी करू शकतो, त्यात विसंगती नाही. मात्र त्याला ज्ञान म्हणायचं नाही. एवढी शिस्त पाळली की याकोबीची शंका बरीच बोथट होते. या मंडळींना ती शिस्त नको होती. त्यांना सगळं एका सूत्रातून उलगडून हवं होतं.

खुद्द कांटने १७९९च्या ऑगस्टमध्ये जाहीर निवेदन काढून फिख्टेच्या प्रणालीशी आपला संबंध नाही म्हणून सांगितलं. वारस म्हणे!

सुमेधा_क

फिख्टेबद्दल माझ्या मनात फार जिव्हाळा आहे, म्हणून लिहिते.

विणकराचा मुलगा, सॅक्सनीतलं रामेनाऊ गाव. एका रविवारी एका उमरावाचं प्रवचन हुकलं, तेव्हा या पोराने ते त्याला जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि त्या उमरावाने त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला. १७९१ साली तो कांटला भेटायला क्योनिग्जबर्गला गेला. कांटने फारसं लक्ष दिलं नाही. मग त्याने तिथेच बसून धर्मसाक्षात्काराच्या चिकित्सेवर एक ग्रंथ लिहिला आणि तो ओळखपत्र म्हणून पुढे केला. १७९२ साली तो निनावी छापला गेला. लोकांना वाटलं कांटचाच आहे! कांटने खुलासा केला आणि फिख्टे एका रात्रीत प्रसिद्ध झाला.

येना विद्यापीठातला त्याचा तास कसा असे ते हेन्रिक स्टेफेन्सने लिहून ठेवलंय. फिख्टे म्हणायचा, “मंडळी, भिंतीचा विचार करा.” सगळे भिंतीकडे बघायला लागत. मग तो म्हणायचा, “आता भिंतीचा विचार ज्याने केला त्याचा विचार करा.” आणि वर्गात गोंधळ उडायचा. कोणी ताठ बसे, कोणी खाली बघे, काहींना कळेच ना की आता कुठे पाहायचं.

हा प्रयोग खरंच करून पाहा. भिंत समोर असते, तुम्ही मात्र तुम्हाला समोर ठेवता येत नाही. ‘मी’ ही सापडणारी वस्तू नाही, ती कृती आहे, करत असतानाच असते. फिख्टेचा सगळा डोलारा या एका निरीक्षणावर उभा आहे, आणि मला ते आजही अचूक वाटतं.

आणि धागाकर्तीच्या ‘का?’ला त्याचं स्वतःचं उत्तर आहे. १७९५ साली एका पत्राच्या मसुद्यात तो लिहितो की त्या राष्ट्राने, म्हणजे फ्रान्सने, माणसाला बाहेरच्या बेड्यांतून सोडवलं, माझी प्रणाली त्याला ‘वस्तू-स्वतः’च्या, म्हणजे अनुभवापलीकडच्या मूळ वस्तूच्या, बेडीतून सोडवते. त्याला ज्ञानाची हाव नव्हती. त्याला स्वातंत्र्य हवं होतं. कांटनेही १७८८च्या नीतिविषयक ग्रंथात, म्हणजे दुसऱ्या चिकित्सेत, स्वातंत्र्य हीच आपल्या सगळ्या इमारतीची कळीची शिळा म्हटलेली आहे. फिख्टेने ती शिळा पायात आणून बसवली, इतकंच.

ओवी_आणि_तर्क

सुमेधाताई, हे मला नवीन आहे. मी हा सगळा प्रश्न ‘किती जाणता येतं?’ असाच वाचत होते. ‘मी मोकळा आहे का?’ या बाजूने पाहिलं तर १७८१ ते १८०७ हा प्रवास निराळा दिसतो. पण मग हेगेलकडे पोचेपर्यंत त्या स्वातंत्र्याचं काय होतं?

बाराबंदी

थीसिस, अँटिथीसिस, सिंथेसिस (पक्ष, प्रतिपक्ष, समन्वय). झाला हेगेल. कॉलेजात एवढ्यावर पंधरा मार्क मिळाले होते.

नेकारकाठी

@बाराबंदी, मार्क परत करा :) ती त्रिसूत्री त्या शब्दांत फिख्टेची. हेगेल स्वतःची पद्धत म्हणून ती वापरत नाही. हेगेलच्या मृत्यूनंतर १८३७ साली खालिबॉयस नावाच्या प्राध्यापकाने सोप्या व्याख्यानांत ती त्याला चिकटवली आणि तिथून ती पाठ्यपुस्तकांत गेली.

हेगेलची खरी चाल बघायची तर १८०७च्या ग्रंथाचं पहिलंच प्रकरण घ्या. कोणी म्हणतो, मला सगळ्यात पक्कं ज्ञान समोर दिसतं त्याचं : हे, इथे, आत्ता. हेगेल म्हणतो, बरं, ‘आत्ता’ म्हणजे काय? आत्ता रात्र आहे. लिहून ठेवा. सत्य लिहून ठेवल्याने काही बिघडू नये. उद्या दुपारी तो कागद काढून वाचा. ते सत्य शिळं झालेलं असतं. टिकतं काय? ‘आत्ता’ हा शब्द, जो रात्रीलाही चालतो आणि दुपारीही. म्हणजे सगळ्यात ठोस वाटलेलं ज्ञान सगळ्यात मोघम निघालं. इथे हेगेलने बाहेरून काही आणलेलं नाही. दाव्याला त्याच्याच कसाला लावलं, आणि दावा आपणहून पुढे सरकला. सगळा ग्रंथ असा चालतो.

भौतिकवाली

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, म्हणून शेलिंगच्या बाजूने दोन शब्द. त्याच्या निसर्ग-तत्त्वज्ञानाची आमच्याकडे नेहमी टिंगल होते. निसर्ग म्हणजे ध्रुवीय, परस्परविरोधी शक्तींचा एकच खेळ आहे, हे त्याचं सूत्र. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ हर्शेलला वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे अदृश्य किरण सापडले. येनात शेलिंगच्या वर्तुळात वावरणाऱ्या योहान रिटरने विचार केला की एका टोकाला आहे तर दुसऱ्या टोकालाही असलं पाहिजे. १८०१ साली त्याने जांभळ्या टोकापलीकडे सिल्व्हर क्लोराइड ठेवलं. ते दृश्य प्रकाशातल्यापेक्षा लवकर काळं पडलं. अतिनील किरण सापडले ते असे.

दुसरा माणूस हान्स क्रिस्तियन ओर्स्टेड. त्याचा प्रबंधच कांटच्या निसर्गविषयक विचारावर होता, आणि रिटर त्याचा मित्र. निसर्गातल्या शक्ती मुळात एक आहेत या विश्वासाने तो वर्षानुवर्षं वीज आणि चुंबकत्व यांचा संबंध शोधत राहिला. १८२० साली कोपनहेगनमध्ये तारेतून प्रवाह सोडल्यावर चुंबकसुई हलली. आजच्या प्रत्येक मोटरीच्या मुळाशी ती सुई आहे.

कागदीघोडा

भौतिकवाली, दुसरी बाजूही सांगा की. रसायनशास्त्रज्ञ लीबिगने तरुणपणी शेलिंगची व्याख्यानं ऐकली आणि पुढे त्या सगळ्या प्रकाराला त्या शतकावरची महामारी म्हणून झोडपलं. प्रयोग न करता सूत्रावरून निसर्ग ‘काढायचा’ ही खोड त्या शाळेला होतीच. रिटरला किरण सापडले ते सिल्व्हर क्लोराइड काळं पडलं म्हणून, ध्रुवीयता हा शब्द होता म्हणून नव्हे.

भौतिकवाली

@कागदीघोडा, मान्य. पण ते चांदीचं क्षार नेमकं तिथेच ठेवायचं कोणाच्या डोक्यात आलं, हाही विज्ञानाचाच प्रश्न आहे ना?

जाईजुई

सगळी चर्चा पुरुषांची चालली आहे, म्हणून एक नाव. कारोलिने. माइंझच्या प्रजासत्ताकाशी संबंध ठेवल्याबद्दल १७९३ साली ती क्योनिग्श्टाइनच्या किल्ल्यात कैदेत होती. पुढे आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेलशी लग्न, त्याच्या शेक्सपिअरच्या भाषांतरांत तिचा मोठा वाटा. १८०३ साली तिने शेलिंगशी लग्न केलं. येनात ज्या घरात ही मंडळी एकत्र जमत त्या घराचं केंद्र ती होती. मोझेस मेंडेल्सझोनची मुलगी डोरोथेआही तिथेच. कारोलिनेची पत्रं वाचा. फिख्टे, शेलिंग, गटे यांच्याबद्दल इतकं नेमकं, निर्भीड लिहिणारं त्या काळात दुसरं कोणी मला माहीत नाही. ती १८०९ साली गेली आणि त्यानंतर शेलिंगने जवळजवळ काहीच मोठं छापलं नाही. तेव्हा तो फक्त ३४ वर्षांचा होता.

नेकारकाठी

जाईजुई, धन्यवाद, हे यायलाच हवं होतं.

अवांतर : मी ट्यूबिंगेनजवळच राहतो. ज्या धर्मशाळेत, म्हणजे प्रोटेस्टंट पाद्री घडवणाऱ्या वसतिगृहात, हेगेल, कवी हॉल्डरलिन आणि शेलिंग एका खोलीत राहिले ती इमारत अजून वापरात आहे. शेलिंग तर पंधराव्या वर्षी तिथे दाखल झाला. पाच मिनिटं चाललं की नेकार नदीवरचा पिवळा मनोरा, जिथे मन बिघडलेला हॉल्डरलिन १८०७पासून १८४३पर्यंत एका सुताराच्या कुटुंबाच्या आधाराने राहिला. या तिघांच्या तरुणपणीचा एक कागद उरला आहे, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, हेगेलच्या अक्षरात, पण विचार नक्की कोणाचे यावर अजून एकमत नाही. प्रशियाच्या ग्रंथालयाने तो १९१३ साली लिलावात घेतला आणि फ्रान्त्स रोझेनत्स्वाइगने १९१७ साली प्रसिद्ध केला. त्यात काय आहे? राज्य हे यंत्र आहे आणि ते माणसाला दाते असलेल्या चाकासारखं वागवतं, म्हणून ते संपलं पाहिजे. सगळ्यात उंच कल्पना सौंदर्याची. आणि नवी पुराणकथा हवी, जी बुद्धीच्या कामी येईल. पंचविशीतल्या पोरांचा कागद आहे हा.

वऱ्हाडी_ठेचा

बराच वेळ वाचत होतो, आता राहवत नाही.

हेगेलचा मालक आणि दास हा भाग मी एम.ए.ला वाचला. दोन माणसं समोरासमोर येतात, दोघांनाही दुसऱ्याकडून मान्यता हवी. जिवावर बेतलं तरी जो हटत नाही तो मालक होतो. जो मरणाला भितो तो दास. पण गंमत पुढे आहे. मालकाला मान्यता मिळते ती अशा माणसाकडून, ज्याला तो स्वतः माणूस मानत नाही. मग त्या मान्यतेला किंमत काय? आणि दास मात्र राबतो, वस्तूला आकार देतो, आणि त्या आकारात त्याला स्वतःचं रूप दिसायला लागतं.

माझे आजोबा सालगडी होते. मालक त्यांना नावाने हाक मारत नसे, ‘अबे’ म्हणून बोलवायचा. पण कोणत्या वाफ्याला पाणी कधी सोडायचं, कोणता बैल कोणत्या बाजूला जुंपायचा, हे मालकाला आजोबांनाच विचारावं लागे. बांध घालणं हे त्यांचं काम. त्यांनी घातलेला बांध ते हात लावून दाखवायचे, जणू सही दाखवताहेत. ते पान वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, हे पुस्तक माझ्या घरातलं आहे.

पण हेगेलवर माझा रागही आहे. त्याचा दास मनातून मोकळा होतो. साल संपल्यावर आजोबांचं कर्ज मात्र तेवढंच असायचं. वसाहतवादविरोधी विचारवंत फ्रांत्स फॅनॉनने १९५२ साली यावरच बोट ठेवलं. वसाहतीतल्या मालकाला गुलामाकडून मान्यता नकोच असते, त्याला काम हवं असतं. असं असेल तर हेगेलची पुढची सगळी हालचाल सुरूच होत नाही. आणि तोच हेगेल इतिहासाच्या व्याख्यानांत आफ्रिकेला इतिहासच नाही म्हणतो. मान्यतेचं इतकं खोल दर्शन ज्याने मांडलं त्याने एका आख्ख्या खंडाला मान्यता नाकारली. हे मी विसरू शकत नाही, विसरायचंही नाही.

ओवी_आणि_तर्क

ठेचाभाऊ, हा प्रतिसाद मी गटात मोठ्याने वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

वऱ्हाडी_ठेचा

जरूर वाचा ताई.

सुमेधा_क

ठेचाभाऊंच्या मुद्द्याला धरून : मान्यतेचा विचार आधी फिख्टेकडे आहे. १७९६च्या हक्कविषयक ग्रंथात तो म्हणतो की मी मोकळा आहे हे मला एकट्याने कळूच शकत नाही. दुसऱ्या कोणीतरी मला साद घालावी लागते, ‘तू ठरव’ म्हणून. माणूस माणसांमध्येच माणूस होतो, हे त्याचं वाक्य. मुलाला वाढवणं म्हणजे दुसरं काय असतं?

पुढची वाट मोठी आहे. अलेक्सांद्र कोजेव्हने १९३३ ते १९३९ पॅरिसमध्ये हेगेलवर व्याख्यानं दिली. समोर बसणाऱ्यांत लाकां, बताय, मेर्लो-पोंती. त्या वर्गातून अर्धं फ्रेंच तत्त्वज्ञान बाहेर पडलं. १९९२ साली आक्सेल होनेथने मान्यतेच्या संघर्षावर ग्रंथ लिहिला तोही थेट येनाकाळातल्या हेगेलपासून.

मिरजकर_मामा

आपल्याकडचे दुवे कोणी काढले नाहीत अजून.

टिळकांनी मंडालेत लिहिलेल्या गीतारहस्यात कांट आहे आणि ऑक्सफर्डचा टी. एच. ग्रीनही आहे. ग्रीन म्हणजे कांट-हेगेल इंग्लंडात आणणाऱ्या पिढीतला म्होरक्या. नीतीचा पाया सुखदुःखाच्या बेरजेत नसून आत्मतत्त्वात आहे, हे त्याचं म्हणणं टिळकांना गीतेच्या जवळचं वाटलं. मिल-स्पेन्सरला उत्तर द्यायला त्यांना ग्रीन कामी आला.

दुसरं, अमळनेर. प्रताप शेटजींच्या देणगीतून १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. के. सी. भट्टाचार्य यांचा ‘विषयी म्हणजे स्वातंत्र्य’ या आशयाचा इंग्रजी ग्रंथ १९३० साली तिथूनच प्रसिद्ध झाला. वेदान्त आणि कांट समोरासमोर बसवून कांटलाच जाब विचारणारं पुस्तक आहे. कांट म्हणतो ‘मी’ स्वतःला जाणू शकत नाही. भट्टाचार्य म्हणतात, वस्तूसारखं जाणू शकत नाही हे खरं, पण देह, मन, विचार यांच्यापासून पायरीपायरीने सुटत जाण्याची साधना असू शकते. म्हणजे धागाकर्तीच्या प्रश्नाला खानदेशातून दिलेलं तिसरं उत्तर! फिख्टेसारखं नाही, हेगेलसारखंही नाही.

पाटीपेन्सिल

मामा, मस्त माहिती. यात बाबासाहेबही जोडावेत का? कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युईचे वर्ग केले. ड्युई तरुणपणी पक्का हेगेलवादी. पुढे ते सोडलं, पण १९३०च्या आत्मपर लेखात त्याने कबूल केलं की हेगेलच्या परिचयाचा थर आपल्या विचारात कायमचा राहिला. लोकशाही म्हणजे सहजीवनाची रीत, एकमेकांपर्यंत पोचवलेला अनुभव, हे ड्युईचं सूत्र बाबासाहेबांनी १९३६च्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात वापरलं. मी बाबासाहेबांना हेगेलवादी अजिबात म्हणत नाही. पण एकमेकांशी व्यवहारच नसलेल्या तुकड्यांचा समाज बनत नाही, हा विचार कुठकुठून वाहत आला ते बघण्यासारखं आहे.

अंकुश_ना

टिळक, अमळनेर, कोलंबिया सगळं उत्तम. पण याच परंपरेतून काय काय बाहेर पडलं तेही नोंदवा. फिख्टेने १८०७-०८च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये ‘जर्मन राष्ट्राला’ १४ व्याख्यानं दिली. पुढच्या शतकात नाझींनी त्यांचा वापर केला हे सगळ्यांना ठाऊक आहे. १७९३च्या पुस्तकात ज्यूंना नागरिकत्व देण्याबद्दल त्याने जे लिहिलंय ते इथे लिहवत नाही.

सुमेधा_क

अंकुश, १७९३चा तो मजकूर घृणास्पद आहे. त्याचं समर्थन नाही, करणारही नाही.

व्याख्यानांबद्दल मात्र एवढं सांगते : बर्लिन तेव्हा फ्रेंच सैन्याच्या ताब्यात होतं. वर्षभरापूर्वीच पाल्म नावाच्या पुस्तकविक्रेत्याला एका पत्रकापायी गोळी घातली होती. फिख्टे रस्त्यावरच्या सैनिकांच्या कानावर जाईल अशा ठिकाणी बोलत होता, आणि त्याचा बराच भर शिक्षणावर होता, गरिबाच्या मुलाला श्रीमंताच्या मुलाबरोबर शिकवण्यावर. नंतर बर्लिन विद्यापीठाचा तो निवडून आलेला पहिला रेक्टर झाला. बायको योहाना जखमी सैनिकांची शुश्रूषा करताना टायफसने आजारी पडली. ती वाचली, तिच्यापासून लागण होऊन फिख्टे जानेवारी १८१४मध्ये गेला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

बाराबंदी

हेगेलचा कट्टर विरोधक तत्त्वज्ञ शोपेनहाउअर, त्याचा किस्सा कोणीच सांगितला नाही? १८२० साली बर्लिनमध्ये त्याने मुद्दाम हेगेलच्याच वेळेला आपलं व्याख्यान लावलं. हेगेलचा वर्ग भरलेला, याच्याकडे मोजकी डोकी. १८३१ साली कॉलरा आला तेव्हा शोपेनहाउअर शहर सोडून गेला आणि ७२व्या वर्षापर्यंत जगला. हेगेल त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला वारला. शेवटची बाजी कोणाची?

कागदीघोडा

बाराबंदी, हा किस्सा पंधरा मार्कांच्या वर आहे :)

मिरजकर_मामा

शोपेनहाउअर निघालाच आहे तर : दारा शुकोहने १६५७ साली करवलेला उपनिषदांचा फारसी अनुवाद, त्यावरून आँकेतील-द्युपेराँने १८०१-०२मध्ये छापलेलं लॅटिन भाषांतर, ते शोपेनहाउअरच्या उशाशी. हेगेलनेही १८२७ साली गीतेवर दीर्घ परीक्षण लिहिलं, भाषाभ्यासक विल्हेल्म फॉन हुम्बोल्टच्या व्याख्यानाच्या निमित्ताने. संस्कृत येत नव्हतं, श्लेगेलचं १८२३चं लॅटिन भाषांतर हाताशी. त्याला गीतेतलं ब्रह्म म्हणजे सगळे भेद गिळणारी पोकळी वाटली. टिळकांनी त्याच गीतेत कर्मयोग वाचला. हेगेलला तिसरा अध्याय नीट भेटला असता तर, असं मला नेहमी वाटतं. करून दाखवल्याशिवाय चैतन्याला अर्थ नाही, हे तर त्याचंच म्हणणं होतं!

नेकारकाठी

मूळ प्रश्नाकडे येतो. अंकुश, तुमची शिस्त मला पटते, पण हेगेलचा एक आक्षेप राहतो. एखादी गोष्ट मर्यादा म्हणून कळते तीच मुळी तिच्या पलीकडे पाऊल पडल्यावर. ‘इथवरच कळतं’ असं म्हणणारा अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे बघतो आहे. मग तो नुसता अलीकडचा कसा?

अंकुश_ना

याचं उत्तर कांटने हेगेलच्या आधी, १७८३च्या ‘प्रोलेगोमेना’ या ग्रंथात देऊन ठेवलं आहे. सीमा म्हटली की तिच्या बाहेर काहीतरी जागा आहे हे त्यात आलंच, तो स्वतःच म्हणतो. जागा आहे एवढं कळतं. तिथे काय आहे ते कळत नाही. मला घराच्या आतून खिडकीबाहेर अंधार दिसतो, म्हणून मी अंगणात उभा आहे असं होत नाही.

भौतिकवाली

हे दोघं थांबू नयेत असं वाटतंय.

ओवी_आणि_तर्क

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘माघार’ हा शब्द मी आता वापरणार नाही. याकोबीची फट खरी होती, आणि स्वातंत्र्याचा धागा मला दिसला नव्हता. पण हेगेलच्या शेवटच्या प्रकरणापर्यंत मी येऊ शकत नाही. मान्यतेपर्यंत येते, निरपेक्षापाशी थांबते.

आणि मला या बाबतीत म्हातारा शेलिंग जवळचा वाटतो आहे. १८४१ साली हेगेलचा प्रभाव पुसायला त्याला बर्लिनला बोलावलं. समोर किर्केगार्द, एंगेल्स, बाकुनिन, बुर्कहार्ट! किर्केगार्द तर पहिल्यांदा ‘वास्तव’ हा शब्द ऐकून हरखला आणि काही महिन्यांतच कंटाळला. पण शेलिंगचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. एखादी वस्तू असेल तर ती काय असेल, हे बुद्धी सांगू शकते. ती आहे, हे बुद्धी स्वतःच्या बळावर सांगू शकत नाही. म्हणजे सीमा आहेच. कांटने सांगितली त्या जागी नाही, दुसऱ्या जागी. ज्या माणसाने तरुणपणी कुलूप उघडायला मदत केली तोच हे सांगतो आहे.

नेकारकाठी

ताई, शेलिंगने हेगेलला विचारलेला प्रश्न अजून धारदार आहे. हेगेलचं तर्कशास्त्र शुद्ध ‘असणं’ यापासून सुरू होतं, ते रिकामं म्हणून ‘नसणं’ होतं, आणि दोन्ही मिळून ‘होणं’. शेलिंग म्हणतो, रिकामी कल्पना आपणहून हलत नाही. हलतो तो विचार करणारा माणूस, ज्याला भरलेलं जग आधीच माहीत आहे आणि ज्याला या रिकामेपणात चैन पडत नाही. हेगेलवाद्यांना याचं उत्तर द्यावं लागतं, आणि मी स्वतःला त्यांच्यात धरतो. माझं उत्तर असं : तो माणूसही विचारातच आहे, बाहेर नाही. त्याची बेचैनी हीच विचाराची हालचाल.

वऱ्हाडी_ठेचा

आणि त्या माणसाच्या पोटात भूक असेल तर? ती विचाराची हालचाल की आधीची? हेगेलवर उलटलेला फॉयरबाख १८४१ साली, मार्क्स १८४५ साली नेमका इथूनच निघाला.

नेकारकाठी

ठेचाभाऊ, भूक आधीची, हे कबूल. पण हेगेलही दासाची सुरुवात तहान-भुकेपासूनच करतो. यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

वऱ्हाडी_ठेचा

रविवारी काढतो. फॉयरबाखपासून.